वस्तीतल्या मुलांना भाषण नको, सोबत हवी

आरोग्याच्या या पानावर तुम्ही डेंग्यू, मधुमेह, रक्तदाब, बाळंतपण यांविषयी वाचता. या वेळी आम्ही चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींविषयी लिहीत आहोत. कारण सरळ आहे. या वयात आपली मुलं साथीच्या तापाने क्वचित दगावतात. ती अपघाताने, नशेने, मारामारीने आणि स्वतःच्या हाताने जिवाला मुकतात. काही जिवंत राहतात, पण आयुष्य हातचं जातं. हा आरोग्याचाच प्रश्न आहे. यावरचा निम्मा उपाय दवाखान्यात नाही, वस्तीत आहे, असं आमचं मत आहे. ते मत आम्ही का मांडतो आणि त्यासाठी काय करायला हवं, ते इथे सांगतो.

खोपटला एसटी आगाराच्या मागेपुढे, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला, हंसनगर-गोकुळदास वाडीच्या गल्ल्यांत रात्री अकरानंतर एक चक्कर मारा. जिन्यावर, बंद दुकानाच्या फळीवर, उभ्या रिक्षात मुलं बसलेली दिसतील. सगळी बिघडलेली नसतात. बहुतेकांच्या घरात दहा बाय बारात सहा माणसं झोपायची असतात, म्हणून ती बाहेर असतात. पण त्याच कट्ट्यावर मावा येतो, तिथेच कुणीतरी पहिली गोळी फुकट देतो, तिथेच कुणीतरी 'भाई' होतो. आपण घरात टीव्ही बंद करून झोपतो. पोरगं कुणाबरोबर आहे हे आपल्याला महिन्याभराने कळतं, तेही पोलीस चौकीतून.

'वाया गेला' हे निदान नव्हे

आपल्याकडे एक शब्द फार लवकर वापरला जातो : वाया गेला. हा शब्द एकदा चिकटला की शेजारी दार लावून घेतात, नातेवाईक लग्नाला बोलवत नाहीत आणि मुलगाही तसंच वागू लागतो. डॉक्टर निदान करण्याआधी तपासतात. आपण न तपासताच निकाल देतो.

मग धोक्यातलं मूल ओळखायचं कसं? एका खुणेवरून ओळखू नका. अनेक गोष्टी एकाच वेळी कोसळल्या आहेत का ते पाहा. दहावीत गणित-इंग्रजी राहिलं आणि शाळा सुटली. बाप दारूत आहे किंवा वारला आहे. आई पहाटे धुणीभांड्याला जाते, रात्री परतते. क्लस्टर किंवा एसआरएच्या कामात घर पाडलं आणि कुटुंब भाड्याने दुसरीकडे गेलं, म्हणून जुनी शाळा आणि जुने मित्र तुटले. केटरिंगच्या कामाला जाऊन हातात पैसे येऊ लागले, पण हिशोब विचारणारं कुणी नाही. यातली एखादी गोष्ट प्रत्येक घरात असते आणि मूल ती सोसतं. तीन-चार एकदम आल्या की चौदा वर्षांच्या मुलाला ते ओझं पेलत नाही. दोष त्याच्या रक्तात नाही, संस्कारातही नाही. त्याच्यावर एकदम फार पडलंय आणि धरायला कुणाचा हात नाही, एवढंच खरं.

शरीरशास्त्रही हेच सांगतं. पुढचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग विशीनंतरही काही वर्षं घडत असतो. थरार, राग, मित्रांची वाहवा यांकडे ओढणारा भाग त्याआधीच जोरात असतो. म्हणून या वयात मूल एकटं असताना शहाणं वागतं आणि चार मित्रांत वेडं वागतं. या काळात बाहेरून ब्रेक लावणारं माणूस लागतं. सुखवस्तू घरात ते काम आई-बाप, क्लासचे सर, खेळाचे कोच, शेजारचे काका मिळून करतात. आपल्या मुलांना अशी चार माणसं मिळत नाहीत. निदान एक तरी मिळालं पाहिजे.

भाषण आणि धाक यांनी काय होतं

आपण काहीच करत नाही असं नाही. जयंतीच्या आठवड्यात व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवतो. एखाद्या रविवारी शिबिर घेतो. पाहुणे येतात, तंबाखूने कुजलेल्या तोंडाची चित्रं दाखवतात, मुलं हात वर करून शपथ घेतात, वडापाव खातात, घरी जातात. सोमवारी संध्याकाळी कट्टा तिथेच असतो. ज्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवला ती मुलं बहुधा आलेलीच नसतात. येतात ती पुढच्या रांगेतली, आधीच नीट चाललेली मुलं.

दुसरा लाडका उपाय म्हणजे धाक. 'एकदा पोलिसांकडून दम भरा, सुधारेल.' अमेरिकेत १९७०च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं. वळणावरून घसरलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून घाबरवायचे. त्यावर माहितीपट निघाला, लोक खूश झाले. पुढे संशोधकांनी असे कार्यक्रम नीट तपासले, तेव्हा घाबरवलेल्या मुलांनी न घाबरवलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. धाकाने मूल सुधारत नाही. आपण नेमके कोणत्या गटातले आहोत, एवढंच त्याला कळतं.

शंभर वर्षांपूर्वीचा हॉकी क्लब

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या कामांत सोलापूरचं वसतिगृह आपल्याला माहीत असतं. ते १९२५ साली सुरू झालं. मुंबईत वाचनालय होतं, तेही माहीत असतं. पण त्याच सभेने मुंबईत तरुणांसाठी एक हॉकी क्लबही चालवला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याचा हेतू स्पष्ट होता : गिरणगावातल्या आपल्या पोरांचं मन जुगार आणि दारूतून खेळाकडे वळावं.

यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. त्या काळी पैसा नव्हता, जागा नव्हती, डोक्यावर हजार प्रश्न होते. तरी त्या पिढीने तरुणांना नुसतं 'दारू पिऊ नका' असं सांगून सोडलं नाही. संध्याकाळी जायला एक जागा दिली, हातात काठी दिली, संघ दिला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी मोठी माणसं दिली. राहायला वसतिगृह, वाचायला वाचनालय, खेळायला क्लब. मुलाचा दिवस भरून काढला. आज आपल्या वस्तीत समाजमंदिर आहे, विहार आहे, मंडळाचं बँकेत खातं आहे, पदवीधर आहेत, नोकरदार आहेत. शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आपली स्थिती कितीतरी बरी आहे. मग संध्याकाळी सात ते नऊ विहाराला कुलूप का असतं?

सोबतीचा गुण किती आणि धोका कुठे

एका मुलामागे एक मोठं माणूस लावण्याची पद्धत अमेरिकेत १९०४ पासून आहे. न्यूयॉर्कच्या मुलांच्या कोर्टात काम करणाऱ्या एका कारकुनाने ती सुरू केली. रोज तीच मुलं पुन्हा पुन्हा कोर्टात येताना तो पाहत होता. त्याने ओळखीच्या लोकांना विनवलं : प्रत्येकाने एकेका मुलाचा मोठा भाऊ व्हा. त्यातून उभ्या राहिलेल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या संस्थेच्या कामाचा १९९०च्या दशकात मोठा अभ्यास झाला. दहा ते सोळा वयाची ९५९ मुलं घेतली. निम्म्यांना सोबती मिळाला, निम्मी प्रतीक्षा यादीत राहिली. दीड वर्षाने पाहिलं, तर सोबती मिळालेल्या मुलांत नव्याने अमली पदार्थ सुरू करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं आणि दारू सुरू करण्याचं २७ टक्क्यांनी कमी होतं. त्या सोबत्यांनी नशेवर भाषणं दिली नव्हती. ते नुसते भेटत होते, फिरायला नेत होते, ऐकून घेत होते.

हे वाचून लगेच टाळ्या वाजवू नका. पुढच्या अनेक अभ्यासांत सरासरी फायदा माफकच दिसला. सोबत ही जादू नाही. आणि एक गोष्ट तर प्रत्येक मंडळाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. याच मुलांच्या माहितीवर २००२ साली आणखी एक अभ्यास झाला. ज्यांचा सोबती वर्षभर किंवा जास्त टिकला, त्यांना सर्वात जास्त फायदा झाला. ज्यांचा सोबती तीन महिन्यांच्या आत निघून गेला, त्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षाही घसरला.

याचा अर्थ आपल्या भाषेत असा. ज्या मुलाला बाप सोडून गेला, शाळेने सोडलं, त्याच्या आयुष्यात आणखी एक माणूस येऊन निघून गेलं, तर आपण त्याचं नुकसान केलं. न येणं परवडलं, पण येऊन सोडून जाणं परवडत नाही. म्हणून उत्साहात पन्नास नावं नोंदवून फोटो काढू नका. पाच मुलं घ्या, पण वर्षभर घ्या.

जवळची उदाहरणं

हे काम आपल्याकडेही चालतं. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था अनेक वर्षं वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करत आहे. कठीण परिस्थितीत दहावी पार करणाऱ्या मुलांना ती 'एकलव्य' म्हणून गौरवते. पहिल्या नंबराचा सत्कार सगळेच करतात. काम करून, भावंडं सांभाळून पन्नास टक्के मिळवणाऱ्याचा सत्कार करायला वेगळी नजर लागते. त्यापुढचं पाऊल म्हणजे 'वंचितांचा रंगमंच'. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून तो उभा राहिला. वस्तीतल्या मुलांनी आपल्याच जगण्यावर नाटिका बसवायच्या आणि स्वतः रंगमंचावर यायचं. १७ मे २०२० रोजी मतकरी गेले. महाराष्ट्रातला एवढा मोठा लेखक उतारवयात वस्तीतल्या पोरांच्या तालमींकडे वळला, ही गोष्ट आमच्या मनात राहिली आहे. नाटकाची तालीम म्हणजे काय? ठरलेला दिवस, ठरलेली जागा, आणि तू आला नाहीस तर तुझी वाट पाहणारी माणसं. धोक्यातल्या मुलाला नेमकं हेच औषध लागतं.

तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली. सिग्नलवर फुलं-खेळणी विकणाऱ्या मुलांना शाळेत बोलवत बसण्यापेक्षा शाळाच सिग्नलवर नेली. नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, तीच 'स्लम सॉकर'ची सुरुवात. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आपण सगळ्यांनी पाहिला. तो बारसे सरांच्याच कामावर आहे. एक नाटक, एक शाळा, एक खेळ. साधनं वेगळी, पण तिन्हीकडे एक गोष्ट समान आहे : मोठी माणसं मुलांच्या जागी गेली आणि पुन्हा पुन्हा गेली.

आठवड्याचे दोन तास

आमचा प्रस्ताव छोटा आहे. खोपट परिसरातल्या प्रत्येक विहाराने किंवा मंडळाने पाच ते दहा मुलंमुली निवडाव्यात आणि प्रत्येकामागे एक ताई किंवा दादा द्यावा. आठवड्याला दोन तास, वर्षभर. दोन तासांचा हिशोब वर्षाला शंभर तासांच्या आसपास जातो. एवढा वेळ आपण क्रिकेटच्या सामन्यांना देतोच.

ताई-दादा कोण? एसटीतून निवृत्त झालेला मेकॅनिक चालेल, नर्स चालेल, बँकेतला शिपाई चालेल, बीए करणारी मुलगी चालेल. डिग्री नको. वेळ पाळणारं, कमी बोलणारं, स्वतः नशा न करणारं माणूस हवं. स्वतः नशेतून बाहेर येऊन काही वर्षं झालेला माणूस तर फारच उपयोगी. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बरी झालेली माणसंच पुढे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. मूल त्यांचं ऐकतं, कारण त्यांना काही सांगून फसवता येत नाही.

दोन तासांत करायचं काय? पहिले दोन महिने काहीच सुधारायचं नाही. चहा प्यायचा, मासुंदा तलावावर चालायला जायचं, त्याची गाडी दुरुस्त करायची, कॅरम खेळायचा. आल्या आल्या 'सिगारेट ओढतोस का रे?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : 'नाही दादा, आपण नाही त्यातले.' त्याऐवजी 'झोप किती वाजता लागते रे?', 'आज जेवलास काय?', 'आईला कामावर कुणी त्रास देत नाही ना?' असं विचारा. झोप, जेवण आणि आई या तीन दारांनी आत जाता येतं. विश्वास बसला की तो स्वतःच सांगतो.

मग एकेक काम हातात घ्यायचं. राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरणं. सतरा नंबरचा फॉर्म काय असतो ते समजावणं. आयटीआयचा अर्ज. जातीचा दाखला, आधार, बँक खातं. पहिल्या मुलाखतीला सोबत जाणं. ही कामं क्षुल्लक वाटतात, पण एखादा दाखला नसल्यामुळे वर्ष गेलेली कितीतरी मुलं आपल्या माहितीत आहेत. त्या रिकाम्या वर्षातच कट्टा त्यांना उचलतो.

आपल्या परंपरेत या नात्याला नाव आहे : कल्याणमित्र. सिगाल नावाच्या तरुणाला भगवान बुद्धांनी खरा मित्र कसा ओळखावा ते समजावलं. माणूस बेसावध असताना त्याला जपणारा, भ्यायला असताना आसरा देणारा, संकटात न सोडणारा तो मित्र. विचार करा : बेसावध असताना जपणारा. म्हणजे मुलगा नशेत आहे, तेव्हाही दार न लावणारा.

नशेबाबत हे लक्षात ठेवा

आमच्या वस्त्यांत दिसणाऱ्या नशा अशा : तंबाखू-मावा, दारू, गांजा, व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगणं, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या म्हणजे 'बटन', आणि एमडी. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय अहवालात एक गोष्ट ठळक आहे. बाकी सगळ्या नशा मोठ्यांत जास्त आहेत. हुंगण्याची नशा तेवढी मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त आहे. ती स्वस्त आहे, स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि पालकांना ती नशा वाटतच नाही. पण हुंगताना हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू होऊ शकतो.

खुणा : कपड्यांना रसायनाचा वास, ओठ-नाकाभोवती पुरळ, रात्रभर जागं राहून दोन दिवस सलग झोप, एकदम वजन उतरणं, घरातून लहान-लहान वस्तू जाणं, जुने मित्र तुटून नवे येणं. एका खुणेवरून आरोप करू नका. तीन-चार एकत्र दिसल्या तर बोला.

करू नका : मुलाला खोलीत कोंडून 'चार दिवसांत सुटेल' असं समजू नका. झोपेच्या गोळ्या किंवा रोजची भरपूर दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. ते जिवावर बेततं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. एमडी सुटल्यावर मन फार खचतं. त्या दिवसांत मुलाला एकटं ठेवू नका. 'जगून काय उपयोग' असं म्हणाला तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, सरळ विचारा, औषधं आणि दोरी-ओढण्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. विचारल्याने मनात नवा विचार येत नाही. उलट मन हलकं होतं.

मदत : टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मूल अडचणीत असेल तर १०९८. तातडीला १०८. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आपल्या शेजारी आहे. तिथली ओपीडी झोप न लागण्यापासून व्यसनापर्यंत सगळ्या त्रासांसाठी आहे. तिथे जाणं म्हणजे 'वेडा' ठरणं नव्हे. दहा ते एकोणीस वयासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि त्यातून सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक चालतात. ताई-दादाने डॉक्टर व्हायचं नाही. डॉक्टरांपर्यंत सोबत जायचं आणि पुढच्या तारखेलाही सोबत जायचं.

कायदा कुणाच्या बाजूला आहे

पालक मदत मागत नाहीत, कारण 'पोलिसांचं लफडं होईल' ही भीती असते. म्हणून चार गोष्टी माहीत असू द्या. बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७७ नुसार मुलाला नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ नुसार मुलाला पुड्या पोचवायला वापरणाराही तेवढाच दोषी. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, आणि त्याचं नाव-फोटो छापता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हा बघा चोर' म्हणून फोटो फिरवणाऱ्यांनी हे वाचावं. थोड्या प्रमाणात नशा करताना पकडला गेलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. आणि स्त्रिया, मुलं, अनुसूचित जातींतली माणसं यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मागायला लाज नको, तो हक्क आहे.

काही शंका

'बिघडलेल्या पोरांच्या नादाने चांगली पोरं बिघडतील.' ही शंका अगदीच खोटी नाही. अशा दहा मुलांना एकत्र आणून नुसतं सोडून दिलं तर ती एकमेकांना बिघडवतात. म्हणूनच आम्ही गट म्हणत नाही, एकास एक म्हणतो. आणि गट असला तर त्यात सगळ्या प्रकारची मुलं आणि दोन मोठी माणसं हवीत.

'मुलींचं काय?' मुली कट्ट्यावर दिसत नाहीत, म्हणून त्यांचा धोका दिसत नाही. शाळा सोडून धाकट्यांना सांभाळणारी, मोबाईलवरच्या ओळखीतून फसलेली, सोळाव्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू असलेली मुलगी तेवढीच धोक्यात आहे. निवडलेल्यांत निम्म्या मुली हव्यात आणि त्यांना ताईच हवी.

'मोठ्या माणसाचाच हेतू वाईट असला तर?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून नियम कडक ठेवा. भेट विहारात, मैदानावर किंवा उघड्या जागी. कुणाच्या बंद घरात नाही. पालकांची लेखी संमती. पैशाचं देणंघेणं नाही. रात्री उशिरा खासगी चॅटिंग नाही. महिन्यातून एकदा सगळे ताई-दादा एकत्र बसतील. एक जबाबदार महिला अशी असेल, जिच्याकडे मूल थेट तक्रार करू शकेल. पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती दडवणं गुन्हा आहे. 'समाजाची बदनामी' हे कारण इथे चालणार नाही.

'आमच्याच पोटाची भ्रांत, दुसऱ्याचं पोर कोण सांभाळणार?' ज्या मुलाला आज आपण टाळतो, त्याच्याच बाजूने आपली मुलगी क्लासहून घरी येते. दुसऱ्याचं पोर सांभाळणं म्हणजे आपलीच गल्ली सांभाळणं.

मंडळांकडे मागणी

शेवटी पैशाचं. या कामाला खर्च फारसा नाही : परीक्षेचे आणि आयटीआयचे फॉर्म, बूट, बसभाडं, चहा. १४ एप्रिलच्या वर्गणीत डीजेच्या एका रात्रीला जे जातं, त्याच्या थोड्या भागात दहा मुलांचं वर्ष निघेल. मिरवणूक बंद करा असं आम्ही म्हणत नाही. मिरवणूक आपला स्वाभिमान आहे. पण जी मुलं मिरवणुकीत पुढे नाचतात, ती १५ एप्रिलला कुठे असतात, हे मंडळाला माहीत असलं पाहिजे. वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या खाली आणखी एक ओळ असावी : यंदा किती मुलांना ताई-दादा मिळाले आणि त्यातले किती वर्षाअखेर टिकले.

सुरुवात कधी करायची? आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तीन महिने घरातली मोठी माणसं ग्रंथवाचनाला विहारात येतातच. त्याच संध्याकाळी, वाचन संपल्यावर, विहाराचं दार आणखी तासभर उघडं ठेवा. पहिल्या आठवड्यात पाच घरांत जाऊन विचारा. आई बहुधा आधी घाबरेल, मग रडेल, मग पोराचं नाव सांगेल. ते नाव वहीत लिहा आणि त्याच्यापुढे तुमच्यातल्या एकाचं नाव लिहा. वर्षभर देता येणार नसेल तर लिहू नका. देता येत असेल, तर पुढच्या शनिवारी ठरलेल्या वेळी तिथे हजर राहा, आणि तो आला नाही तरी त्याच्या पुढच्या शनिवारीही राहा.